अकरा ते सहा : बुलेटिन बोर्डांचा काळ, खानदेशातून

जळगाव आणि धुळे यांच्यात नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचे अंतर आहे. पारोळ्याला चहा घेत एसटीने गेले तरी अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे. कापसाचा भाव दोन्हीकडे एकाच दिवशी पडतो. पण १९९३ साली टेलिफोन खात्याच्या लेखी ही दोन परकी गावे होती. जळगावहून धुळ्याला फोन करायचा तर आधी ०२५६२ फिरवावे लागे, धुळ्याहून जळगावला करायचा तर ०२५७, आणि तो शून्य फिरला की मीटर जोरात पळू लागे.

या एका शून्याचा आणि संगणकाच्या इतिहासाचा संबंध काय, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. बी.कॉम. झालो, एका करसल्लागाराच्या कचेरीत हिशेब लिहायला लागलो, आणि तिथे टेबलावर येऊन पडलेल्या यंत्राचे माहितीपुस्तक कोणी वाचत नाही म्हणून मी वाचले. पुढे रद्दीतून इंग्रजी संगणक मासिके किलोवर विकत घेत गेलो. जे काही कळते ते एवढ्या भांडवलावर.

आज तिशीत असलेल्या वाचकाने ‘बुलेटिन बोर्ड’ हा शब्द ऐकला असेलच असे नाही. कल्पना साधी होती. कुणा हौशी माणसाच्या घरी एक संगणक, त्याला मोडेम नावाची डबी, आणि डबीला घरचीच टेलिफोनची तार. संगणकात एक प्रोग्राम चालू ठेवलेला. घंटी वाजली की माणसाऐवजी तोच फोन उचलणार. पलीकडून फोन लावणाराही संगणकच. दोन्ही मोडेम एकमेकांशी शिट्ट्यांच्या भाषेत थोडी घासाघीस करत, किती वेगाने बोलायचे ते ठरवत, आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरे उमटू लागत : आपले नाव सांगा, खूण सांगा. आत गेल्यावर इतरांनी लिहून ठेवलेले निरोप वाचायचे, आपला लिहायचा, ठेवलेल्या फाइलींपैकी हवी ती उतरवून घ्यायची, आपल्याकडची द्यायची आणि फोन ठेवायचा. यंत्राच्या मालकाला म्हणत सिसॉप. मधे दुसरे कोणतेही जाळे नाही, कंपनी नाही. एखाद्या ग्रंथपालाने घरातल्या पुढच्या खोलीत वाचनालय उघडावे आणि एका वेळी एकालाच आत सोडावे, तसा कारभार. एक तार म्हणजे एक वाचक. बाकीच्यांना एंगेजचा आवाज.

पहिला असा फलक १९७८ साली अमेरिकेत शिकागोला निघाला. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस हे दोघे तिथल्या संगणक हौशींच्या मंडळाचे सभासद. त्या जानेवारीत शिकागोत प्रचंड बर्फ पडले, घराबाहेर पडता येईना. मंडळाच्या बैठकीच्या जागी बुचाच्या लाकडाचा एक फलक होता आणि त्यावर सभासद चिठ्ठ्या टाचून ठेवत. तोच फलक फोनवर का आणू नये, असे दोघांच्या मनात आले. ख्रिस्टेन्सनने प्रोग्राम लिहिला, सुएसने यंत्र जुळवले, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ‘सीबीबीएस’ लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ‘बाइट’ मासिकात दोघांनी आपली कृती साद्यंत लिहून टाकली. जणू लोणच्याची पाककृती द्यावी तशी! त्यामुळे शेकडो लोकांनी आपापले फलक काढले.

या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. बहुतेक लेखक तो ओझरता सांगून पुढे जातात. मी तिथे अडकलो. कल्पना दोघांची, प्रोग्राम ख्रिस्टेन्सनचा, पण यंत्र ठेवले सुएसच्या घरी. का? ख्रिस्टेन्सन उपनगरात राहत असे आणि सुएस खुद्द शिकागो शहरात. शहरातल्या कोणालाही सुएसच्या घरी स्थानिक कॉलच्या पैशांत फोन लावता येई. जगातल्या पहिल्या बुलेटिन बोर्डाची जागा संगणकाने ठरवली नाही, टेलिफोनच्या दरपत्रकाने ठरवली.

एकदा हे लक्षात आले की पुढचा इतिहास वेगळा दिसू लागतो. अमेरिकेत स्थानिक कॉल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या ठरीव भाड्यात मोडत असत. पोराने रात्रभर गावातल्या फलकावर फोन लावून ठेवला तरी बापाला कळायचे नाही. म्हणून गावोगाव फलक निघाले. दूरच्या गावाशी बोलायचे तर मात्र पैसे पडत, आणि त्यावरही एकाने उपाय काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने १९८४ साली ‘फिडोनेट’ सुरू केले. दिवसभर गावकऱ्यांनी लिहिलेले बाहेरगावचे निरोप यंत्राने एका पिशवीत भरायचे, रात्री दर उतरले की दुसऱ्या गावच्या यंत्राला आपणहून फोन करायचा, पिशवी द्यायची, त्याची घ्यायची, आणि फोन ठेवायचा. सकाळी उठून लोक उत्तरे वाचत. पहिली देवघेव झाली ती बाल्टिमोरच्या जॉन मॅडिलच्या यंत्राशी, म्हणजे खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्याकडे जुन्या काळी टपालाचे हरकारे टप्प्याटप्प्याने थैली पुढे देत, त्यातलाच प्रकार. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत फिडोनेटमध्ये जगभरचे तीस हजारांहून अधिक फलक होते. सारे हौशी लोक, आणि फोनचे बिल ज्याचे त्याने भरायचे.

भारतात हे वारे १९८९-९० च्या सुमारास आले. बंगळूरला १९८९ साली ‘सीआयएक्स’ नावाचा फलक निघाला. तो काढणाऱ्यांतले प्रमुख नाव अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, आई जर्मन, पण वाढ आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे. हाच माणूस पुढे ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाशी जोडला गेला. १९९६ साली त्या मासिकासोबत लिनक्सची सीडी वाटली गेली, आणि लहान गावांतल्या हजारो पोरांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते तिच्यावर. मीही त्यातलाच. चिटणीस २०१३ साली गेले. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ होता, आणि मुंबईत कोणाकडे मोडेम आहे म्हटले की पुढचा प्रश्न ‘लाइव्ह वायरवर आहेस का?’ हा असे.

शासकीय आणि विद्यापीठीय जग वेगळ्याच वाटेने चालले होते. मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल १९८७ पासून जात होते. ते ‘अर्नेट’चे सुरुवातीचे दिवस. एनआयसीने उपग्रहाच्या तबकड्या बसवून देशभरच्या जिल्हा कचेऱ्या दिल्लीशी जोडत आणल्या होत्या. म्हणजे जिल्ह्याची आकडेवारी आभाळातून दिल्लीला जात होती आणि जळगावच्या माणसाला धुळ्याच्या माणसाशी बोलायला एसटीडी लागत होता. यात कोणाची कुचेष्टा नाही. सरकारने जाळे सरकारसाठी विणले होते, एवढेच.

आता खानदेशाकडे येतो. ‘मागासलेला भाग, तिथे कुठले बुलेटिन बोर्ड’ असे म्हणून लोक मोकळे होतात, आणि मला हे वाक्य मान्य नाही. त्या वेळी जळगावात काय नव्हते? डाळमिलवाल्यांचे, सोन्याच्या पेढ्यांचे, बँकांचे हिशेब संगणकावर येत होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले होते. डीबेस आणि लोटस शिकवणारे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आले, पिवळ्या पाटीचे पीसीओ कोपऱ्याकोपऱ्यावर झाले. संगणक होता, तार होती आणि रात्र जागवणारी पोरेही होती. नव्हता तो फक्त स्थानिक कॉलमध्ये लागणारा एखादा नंबर. मुंबईत बुलेटिन बोर्ड हा छंद होता. जळगावहून तो मुंबईला एसटीडी लावून करायचा म्हणजे चैन होती.

गणितच मांडतो. तेव्हाचे परवडणारे मोडेम सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे साधारण २४० अक्षरे नेत. १०० केबीची फाइल उतरायला सात मिनिटे. जुन्या ३६० केबीच्या फ्लॉपीभर माल आणायचा तर पंचवीस मिनिटांच्या वर. मुंबईच्या पोराला हे पंचवीस मिनिटांचे स्थानिक बोलणे. आम्हाला पंचवीस मिनिटांचा मुंबईचा एसटीडी, तोही तार मधेच तुटली नाही तर. तार तुटायचीच. पावसाळ्यात पडद्यावर निरोपाऐवजी महिरपी कंसांच्या माळा उमटू लागल्या की समजायचे, कुठेतरी जोडात पाणी शिरले. १९८६ साली चक फोर्सबर्गने लिहिलेली ‘झेडमोडेम’ ही पद्धत आम्हाला देवासारखी वाटे. तुटलेली फाइल जिथे तुटली तिथून पुढे घेण्याची सोय तिच्यात होती. जुन्या एक्सचेंजवर आणखी एक युक्ती लागे. माहितीपुस्तकात नंबर फिरवण्याची आज्ञा ‘एटीडीटी’ दिलेली असे. शेवटचा टी म्हणजे टोन. आमच्या यंत्राला ते ऐकूच येत नसे. तिथे पी लावायचा, पल्सचा. मग मोडेम जुन्या तबकडीच्या फोनसारखा टक-टक-टक करत एकेक आकडा फिरवी. हे कळायला मला पंधरा दिवस लागले होते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सुरुवात तरी विषाणूंसाठी झाली. संगणकाचे विषाणू तेव्हा फ्लॉपीवरून पसरत. १९९० साली भारतातच ‘जोशी’ नावाचा एक विषाणू सापडला होता. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकल्याशिवाय सोडत नसे. आमच्या कचेरीतल्या बाईंनी त्या दिवशी खरोखर आडनावाच्या जोशींना फोन करून विचारले होते की हा चावटपणा तुमचा का! या विषाणूंवरचे उतारे बुलेटिन बोर्डांवर मिळत. मॅकॅफीचा प्रोग्राम अमेरिकेत पसरला तो असाच, फलकांवरून फुकट. नवी आवृत्ती आली की मुंबईहून कोणीतरी येईपर्यंत आम्ही फ्लॉपीची वाट बघायचो. एकदा लॅमिंग्टन रोडवरून मी जुना २,४०० चा मोडेम उचलला आणि वाट बघणे संपले, असे मला वाटले.

मालकांनी पहिले बिल बघितले आणि मोडेम माझ्या घरी पाठवला. घरी फोन नव्हता. देशात १९९१ साली सगळे मिळून पन्नास लाखांच्या आसपास फोन होते, आणि आमचा अर्ज यादीत कुठेतरी खाली. तेव्हा धुळ्याचा माझा मित्र म्हणाला, “भो, मोडेम दोन कर. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मुंबई कशाला पाहिजे?” त्याच्या वडिलांचे धुळ्यात बी-बियाणे आणि खतांचे दुकान होते. दुकानात फोन होता, आणि साठ्याच्या हिशेबासाठी नुकताच घेतलेला संगणक. मी करसल्लागारांना पटवले, की रात्री अकरा ते सहा एसटीडीला पाव दर असतो, तेवढ्या वेळात मी कचेरीतून फोन करीन आणि त्याचे पैसे पगारातून कापावेत.

असा आमचा फलक सुरू झाला. नाव ‘अकरा ते सहा’. सिसॉप एक, सभासद चार. मी, मित्र, त्याच्या वर्गातला एक नंदुरबारचा (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १९९८ साली झाला) आणि एक भुसावळचा रेल्वेतला. भुसावळ जळगावला खेटून, पण कोड त्याचाही वेगळा, ०२५८२. अण्णा, म्हणजे मित्राचे वडील, नऊला दुकान बंद करून झोपत. हा अकराला मागच्या दाराने दुकानात शिरे, खतांच्या गोण्यांमधून वाट काढत यंत्र चालू करी आणि तिथेच गोणपाटावर पडे. पाऊणएक महिना रोज, मग आठवड्यातून तीन दिवस. आम्ही काय लिहायचो? कापूस, क्रिकेट, दिवाळी अंकातल्या कथा, कोणत्या क्लासवाल्याने कोणाला फसवले, डीबेसमधल्या अडचणी. भुसावळचा गडी कोणती गाडी किती उशिरा ते लिहायचा. पुढे इंटरनेटवर लोकांनी जे केले तेच, फक्त चार माणसांत.

आणि लिहायचो रोमन लिपीत. हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण बुलेटिन बोर्डांच्या इंग्रजी इतिहासांत तो येत नाही. यायचे कारणही नाही. मराठी संगणकावर तेव्हा नव्हती असे नाही. पुण्याच्या सीडॅकचे जिस्ट कार्ड होते, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले होते, छापखान्यांत देवनागरी जुळणी सुरू होती. पण जिस्ट कार्ड दोन्ही टोकांच्या यंत्रांत हवे. छापखान्याचे फाँट ज्याचे त्याचे वेगळे, एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह होऊन उमटे. टेलिफोनच्या तारेवरून बिनधोक जाणारे अक्षर एकच, इंग्रजी. बोस्टनला असो, बंगळूरला असो की धुळ्याला, मराठी माणसाने संगणकावरून मराठी माणसाला पाठवलेली सुरुवातीची बहुतेक पत्रे रोमन लिपीत आहेत.

रोमनमध्ये मराठी लिहिण्याचा तोटा आज मोबाइलवर लिहिणाऱ्यांना माहीत आहे, पण मोबाइलवर शंका आली तर लगेच विचारता येते. आमचे उत्तर दुसऱ्या रात्री. एका रात्री मित्राचा तीन शब्दांचा निरोप होता. पहिला ‘कुठेच’, शेवटचा ‘नाही’, आणि मधला के-एच-ए-टी. जूनचा महिना, पेरण्या तोंडावर, दुकान खतांचे. मी वाचले : कुठेच खत नाही. युरियाची टंचाई तेव्हा नवलाची नव्हती. मी लिहिले, काळजी करू नको, इथल्या दोन व्यापाऱ्यांना विचारतो, ट्रकचे बघू. दुसऱ्या रात्री फलक उचललाच नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्याने पीसीओवरून फोन केला तेव्हा कळले, की अण्णांना छातीत दुखून दवाखान्यात न्यावे लागले होते. दोन दवाखान्यांतून परत पाठवले, कारण खाट रिकामी नव्हती. कुठेच खाट नाही. रात्री दोन वाजता कपडे न्यायला दुकानावरून जाताना त्याने हे तीन शब्द टाकले होते, जळगावात ओळखीचा डॉक्टर आहे का ते मी विचारीन म्हणून. आणि मी त्याला युरियाचा ट्रक देऊ करत होतो.

अण्णांना तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. ते त्यातून बरे झाले, पुढे पंधरा वर्षे जगले, आणि मी धुळ्याला गेलो की ‘खत मिळालं का रे?’ असे हसत विचारत. त्यांनी हसण्यावारी नेले. मला मात्र तो निरोप अजून छळतो.

गंमत अशी, की या दुखण्यावरचे औषध तेव्हा तयार होते. अविनाश चोपडे यांनी अमेरिकेत १९९१ साली ‘आयट्रान्स’ नावाची पद्धत काढली होती. इंग्रजी कळफलकाचीच मोठी आणि लहान अक्षरे ठरवून वापरायची. मोठा टी म्हणजे ट, लहान टी म्हणजे त, आ साठी दोन ए. या हिशेबाने खत आणि खाट यांच्यात घोटाळा होऊच शकत नाही. साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर कोणत्याही तारेवरून जाई आणि पलीकडे प्रोग्राम तो देवनागरीत छापून देई. परदेशातल्या मंडळींनी त्यावर शेकडो गाणी आणि स्तोत्रे लिहून काढली. आयट्रान्स परदेशी विद्यापीठांच्या जाळ्यावर ठेवलेले होते आणि आमच्या चौघांचा फलक दोन गावांच्या पलीकडे कोठेच पोचत नव्हता. मला ते १९९७ साली कळले.

मग आम्ही फिडोनेटला का जोडून घेतले नाही? विचार केला होता. रोज रात्री एक पिशवी मुंबईला द्यायची आणि आणायची, पाच मिनिटांचे काम. खर्च चौघांत झेपला असता. आम्हाला भीती घातली ती कायद्याने. भारतीय तार अधिनियम १८८५ सालचा. त्याच्या चौथ्या कलमाने तारयंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार केंद्र सरकारला दिला होता, इतरांनी परवाना घ्यावा. मोर्सच्या कट्टकट्टसाठी लिहिलेले हे कलम शंभर वर्षांनी मोडेमलाही लागू झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार खात्याने बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांकडून परवाना शुल्क मागितले. वर्षाला किमान पन्नास हजार डॉलरच्या तोलाचे, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंधरा लाखांच्या घरात. दिल्लीचे अभियंता अरुण मेहता यांनी याविरुद्ध आवाज उठवला. घरातल्या खोलीत, पदरचे बिल भरून फुकट चालवलेल्या फलकाला पंधरा लाख! हा आकडा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून काढला असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मोठ्या कंपन्यांना ईमेल विकण्याचे परवाने द्यायचे होते, त्याच मापात हौशी माणूसही मोजला गेला, असे माझे मत झाले आहे. मुंबई-बंगळूरच्या लोकांकडे ओळखी होत्या, वकील होते, ते लढत राहिले. आम्हाला बातमीच पुरे झाली. खताच्या दुकानात बेकायदा तारघर चालवले म्हणून अण्णांच्या परवान्यावर गंडांतर नको, असे मित्र म्हणाला. तो बरोबरच होता.

फलक तसाही बंद पडायच्या बेतात होता. दुकानाचे दोन महिन्यांचे बिल एकदा चौपट आले, कारण नंदुरबारचा गडी आमच्या फलकावर यायचे सोडून मित्राच्याच मोडेमवरून मुंबईला फोन करत बसला होता. भांडण झाले नाही, पण कुलूप बदलले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. एका व्यक्तीला २५० तासांसाठी ५,००० रुपये. महाग होते, पण त्या पैशांत सगळे जग होते, आणि जगभरच्या सिसॉपांनी दोन-चार वर्षांत आपापली यंत्रे बंद केली. आमच्याकडे मात्र तेच जुने दुखणे : इंटरनेटचा नंबर मुंबईचा, मधे शून्य. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात सर्व जिल्हा मुख्यालयांत २००० सालापर्यंत इंटरनेट पोचवण्याचे लक्ष्य लिहिले गेले. त्यानंतर १७२ ने सुरू होणारा नंबर फिरवला की गावातल्या गावात इंटरनेट लागू लागले. जळगाव-धुळ्याला बुलेटिन बोर्डांचा काळ आलाच नाही. थेट पुढचा आला.

यात काय हुकले? मुंबई, बंगळूरच्या ज्या पोरांनी फलक चालवले त्यांनी पाच-सहा वर्षे फुकटात एक शिक्षण घेतले. यंत्र रात्रंदिवस चालू कसे ठेवायचे, पन्नास अनोळखी माणसांची भांडणे कशी सोडवायची, कोणाला बाहेर काढायचे आणि कोणाला समजावायचे. त्यातले कित्येक पुढे या धंद्यात वर गेले. आमच्या बाजूची पोरेही गेली, पण आधी पुण्याला गेली, मग गेली. नंदुरबारचा तो गडी आज अमेरिकेत नेटवर्कच्याच कामात आहे. कुलूप बदलल्याचे त्याला अजून वाईट वाटते.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले. वाड्यावाड्यांतून, पडवीतून, वाण्याच्या पुड्यांतून त्यांनी कागद गोळा केले आणि त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले. मी तिथे अधूनमधून जाऊन बसतो. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडीतले पत्र आज वाचता येते, कारण कागद आणि शाई यांना वीज लागत नाही. बुलेटिन बोर्डांचे तसे नाही. सिसॉपने जागा कमी पडली की जुने निरोप पुसायचे, ही रीतच होती. उरले ते फ्लॉप्यांवर, आणि फ्लॉपीवरचे लोहचुंबकाचे थर झडतात. अमेरिकेत जेसन स्कॉट नावाच्या गृहस्थाने फलकांवरचा मजकूर आयुष्यभर गोळा केला आणि २००५ साली त्यावर लांबलचक माहितीपट काढला. फिडोनेटच्या साप्ताहिक याद्याही उरल्या आहेत. फलकाचे नाव, गाव, सिसॉप, फोन नंबर, मोडेमचा वेग. इतिहासकाराला अशी यादी म्हणजे जमाबंदीचा कागद.

‘अकरा ते सहा’च्या सात फ्लॉप्या मित्राने दुकान आवरताना माझ्याकडे दिल्या. गोण्यांच्या शेजारी वीस-बावीस वर्षे पडलेल्या. पाचांवर बुरशी. एक यंत्राने घेतली पण कोरी निघाली. सातवी, साडेतीन इंची, तिच्यावरचे एकोणतीस निरोप वाचता आले. ते मी कागदावर उतरवले आहेत, रोमन जसेच्या तसे आणि खाली देवनागरी. खाटेचा निरोप त्यात आहे. देवनागरी लिहिताना मी तिथे ‘खाट’ लिहिले आणि माझे उत्तर न बदलता खाली ठेवले.

शेवटचा निरोप मित्राचा आहे, पहाटे पाच बावन्नचा. लिहिले आहे : सहा वाजत आले, लाइन काढतो, अण्णा उठतील.